आतून झिजलेले दात

संपादकांचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात एका माणसाच्या तोंडात होते. मदतनीस बाईंनी फोन माझ्या कानाला धरला. पलीकडून फर्माईश झाली, "मॅडम, दिवाळी अंकासाठी दवाखान्यातले गमतीदार अनुभव लिहा. जरा खुसखुशीत पाहिजे." मी "बघते" म्हटलं, कारण दाढ अर्धी वर आली होती आणि ती तशीच सोडून साहित्यावर चर्चा करणं शक्य नव्हतं. आता लिहायला बसले आहे तर गमती थोड्याच आठवतात आणि डोकंच जास्त तापतं. तेव्हा ज्यांना खुसखुशीत हवं आहे त्यांनी फराळाच्या डब्याकडे वळावं, हे आधीच सांगून टाकते.

सडक अर्जुनीत हमरस्त्याला लागून माझा दातांचा दवाखाना आहे. माहेर दवनीवाड्याचं, सासर इथलं. आता वय झालं म्हणून सकाळचीच बसते, पण उभी हयात या एका खुर्चीभोवती गेली. दातांच्या डॉक्टरला लोक डॉक्टर मानत नाहीत, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. ताप आला की डॉक्टर, हाड मोडलं की डॉक्टर, आणि दात दुखला की "चाल, त्या बाईकडून पाडून आणू." ट्रकवाले तर गाडीचं इंजिन चालू ठेवून येतात. एकाने कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवणाची ऑर्डर देऊन ठेवली होती. म्हणाला, "भाजी बने तक निकाल दो, मॅडम." अरे, ती दाढ आहे, पंक्चर नाही!

दुसरी डोकेदुखी खर्ऱ्याची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटला की खर्रा होतो, आणि आमच्या भागात तो तोंडात नसलेला पुरुष शोधावा लागतो. खुर्चीवर बसलेला माणूस मला शपथेवर सांगतो, "सोडला जी, दिवाळीपासूनच सोडला." सांगताना गालाच्या खोबणीत गोळी असते. मी आरसा घालून ती गोळी त्यालाच दाखवते, तर म्हणतो, "हा जुना असंन."

हा आरसा म्हणजे आमच्या धंद्यातलं खरं हत्यार. लोकांना वाटतं पकड. पकड काय, लोहाराकडेही असते. लांब दांड्याच्या टोकाला रुपयाएवढा गोल आरसा, तो तोंडात घातला की दातांची मागची बाजू दिसते, जी त्या माणसाने स्वतःसुद्धा जन्मात पाहिलेली नसते. दात कुठून झिजला यावरून पुष्कळ कळतं. ब्रश घासघासून झिजला तर बाहेरून, हिरड्यांजवळ. रात्री दात खाणाऱ्याचा वरून, चावायच्या बाजूने. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दात झिजण्याआधी त्यावर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते एकट्यादुकट्याला नाही, त्या विहिरीवर वाढलेल्या बहुतेक पोरांना पडतात. आणि वरचे पुढचे दात फक्त आतल्या बाजूने, टाळूकडून, वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत होऊन पातळ झाले असतील तर पोटातलं आम्ल तिथे वारंवार येऊन गेलेलं असतं. म्हणजे एक तर पोटाचा जुना विकार, नाही तर उलट्या.

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. माणसाचं खाणं असं का बिघडतं, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याचा पहिला धडा मला बाबूसेठने दिला.

बाबूसेठ गोंदियाचा, चार ट्रकांचा मालक, देह दोन माणसांचा. दाढ काढायची तर आम्ही भूल देतो आणि सांगतो, ओठ जागा होईपर्यंत काही खाऊ नका, कारण बधीर ओठ दाताखाली आला तरी कळत नाही. बाबूसेठने पायरी उतरता उतरता खिशातून बिस्किटं काढली. तासाभराने परत आला तो रक्ताळलेला ओठ घेऊन, स्वतःचाच चावून ठेवलेला. मी टाके घातले, बोलणीही घातली. पुढच्या दाढेच्या वेळी पुन्हा तेच! मी अक्षरशः ओरडले. एवढा मोठा माणूस, मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, बचपन में चाची डब्बे को ताला लगाती थी. सबका हो गया तो मेरा. मेरा नंबर कभी आता ही नहीं था. अब मुँह खाली रहा तो डर लगता है." आणि हसला. त्याच्या गाडीच्या डिकीत, उशाखाली, दुकानाच्या गल्ल्यात सगळीकडे खायचं असे, आणि तो भूक नसतानाही खाई. पोट दुखेपर्यंत खाई. बायको त्याला हावरट म्हणायची. मी तरी वेगळं काय म्हणत होते!

पण मला जिची गोष्ट सांगायची आहे ती पल्लवी. नावं सगळ्यांचीच बदलली आहेत, गावाचं तर सांगतच नाही. तालुक्यातलंच, मोठ्या तलावाच्या काठचं गाव. तिचे वडील यादोरावजी. त्यांच्या पूर्वजांनी तो तलाव बांधला, त्याच्या पाण्यावर आजही गावचं धान पिकतं आणि यादोरावजींचा शब्द गावात खाली पडत नाही. माणूस सरळ, व्यसन नाही, भांडण नाही. सगळे म्हणत, शिस्तीचा माणूस.

ते पोरीला घेऊन आले तेव्हा ती नुकतीच बारावी झाली होती. मी पल्लवीला विचारलं, काय होतं? उत्तर यादोरावजींनी दिलं. थंड लागतं का? उत्तर यादोरावजींनी दिलं. तोंड उघड म्हटलं तेवढं तिनं स्वतः केलं. ते स्टूल ओढून खुर्चीला खेटून बसले होते.

"पान्यानं झालं जी हे," ते म्हणाले. "आमच्या बोअरवेलचं पानी खराब आहे. मी ग्रामपंचायतीत कवाचा सांगून राहिलो. पोट्टीचे दात पाहा, झिजून चालले. तुमी फक्त लिहून द्या का पान्यानं झालं. मंग मी पाहतो पानी शुद्ध करायची मशीन कशी नाही बसवत ते."

मी आरसा घातला. समोरून दात पांढरेशुभ्र, एक डाग नाही. आतून साबण. कडा तर इतक्या पातळ की पलीकडचा दिवा दिसत होता. शिवाय जबड्याखालच्या लाळेच्या गाठी फुगून गाल भरल्यासारखे झालेले, ज्याला गावात "पोरगी गालानं चांगली भरली" म्हणत असणार.

मी म्हटलं, "यादोरावजी, गावातल्या बाकीच्या पोरांचे दात कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"तुमच्या मुलाचे?"

"त्याचे तं लोखंडासारखे."

"मग पाणी काय फक्त हिच्यासाठी वेगळं येतं?"

"हिची प्रकृती नाजूक आहे," ते म्हणाले.  धाकटा मुलगा तेच पाणी पिऊन सुपाऱ्या फोडत होता, पण दोष पाण्याचाच. कारण पाणी बोलत नाही आणि गावात त्याची बदनामीही होत नाही.

आमच्याकडे एक चांगली सोय असते. एक्स-रे काढायचा आहे असं म्हटलं की कोणालाही खोलीबाहेर काढता येतं. मी त्या दिवशी पल्लवीचे गरजेपेक्षा जास्त एक्स-रे काढायचं नाटक केलं. यादोरावजी बाहेर गेल्यावर तिला सरळ विचारलं, "उलट्या होतात का?"

"नाही जी."

"बरं. पण झाल्याच कधी, तर लगेच ब्रश करायचा नाही. आधी नुसत्या पाण्याने चूळ भरायची. आम्लाने दात नरम झालेला असतो, त्यावर ब्रश घासला तर आणखी जातो."

 मी उगाच मशीनशी खटपट करत राहिले. मग तिनं विचारलं, "तुमच्या आरशात तेबी दिसते का?"

"दिसतं."

"आन् बाबाले दाखवला तं त्याइलेबी दिसंन?"

मी म्हटलं, "नाही. बघता यावं लागतं." तेव्हा तिनं पहिल्यांदा श्वास सोडला.

पूर्ण गोष्ट कळायला आणखी काही खेपा लागल्या, सिमेंट भरायच्या निमित्ताने मी त्या मुद्दाम वाढवल्या. यादोरावजींच्या घरात भाताचं शीत टाकायचं नाही हा नियम. नियम चांगलाच आहे, माझ्याही माहेरी होता. पण आमच्याकडे शीत सांडलं तर आई उचलून कपाळाला लावायची आणि विषय संपायचा. यादोरावजी पोरीचं ताट स्वतः वाढत, आपल्या अंदाजाने. संपलं नाही तर मार. मार खाऊनही संपलं नाही तर तेच ताट सकाळी, आणि सकाळी नाही तर दुपारी. एकदा लहान असताना रडत रडत खाल्लेलं तिनं ताटातच ओकून टाकलं. त्यांनी तेही तिला खायला लावलं.

हे सांगताना तिचा आवाज अजिबात हलला नाही. मीच हातातलं सिमेंट खाली ठेवलं.

"मंग मी गुपचूप ओकायले शिकली," ती म्हणाली. "संपवलं का बाबा खूश. मंग मागच्या अंगनात जायचं. आता तं मनातबी आनावं नाही लागत. जेवली का आंगच म्हनते, चाल."

"अजून मारतात?"

"नाही जी. आता मोठी झाली ना. आता फक्त बाजूले बसतेत."

मी गोंदियाच्या मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंना फोन लावला. त्या सरकारी दवाखान्यात बसतात, त्यांच्या दारात कोणी दिसलं तर लोक लगेच वेडा ठरवतात, त्यामुळे त्यांचं डोकं माझ्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. त्यांनी समजावलं ते असं. ज्या घरात जेवणाची वेळ हीच भीतीची वेळ असते, किंवा जिथे मारहाण, हेटाळणी, नको तो स्पर्श असलं काही लहानपणी सोसावं लागतं, तिथल्या काही मुलांचं पुढे खाण्याशी वैर होतं. कोणी खातच सुटतं, कोणी खाणं टाकतं, कोणी खाऊन काढून टाकतं. सगळ्यांचं होत नाही, आणि हा आजार झालेल्या प्रत्येकाच्या घरी छळच झालेला असतो असंही नाही. पण घरात सगळं दुसऱ्याच्या हातात असेल तर निदान पोटात काय ठेवायचं एवढं पोर आपल्या हातात घेतं. हा हट्ट नाही, नखरा नाही, बाहेरची बाधा नाही. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. आणि उशीर केला तर जीवही जाऊ शकतो, कारण सारख्या उलट्यांनी रक्तातले क्षार उतरतात आणि हृदय अडखळतं.

जीव जाऊ शकतो! आणि मी इकडे दातांना सिमेंट लावत बसले होते.

मग मी हे ज्या ज्या माणसाला सांगितलं त्याने माझं डोकं फिरवलं. एका डॉक्टर मित्राला सल्ला विचारला तर म्हणाला, "अहो, हा पैसेवाल्यांच्या पोरींचा आजार. आपल्या धानपट्ट्यात पोरी उपाशी असतात, ओकत नाहीत." म्हणजे आजारानेसुद्धा सातबारा बघून यायचं! पल्लवीच्या आईला, सत्यशीलाबाईंना, वेगळं बोलावलं. त्यांना सगळं माहीत होतं. मागच्या अंगणात पाणी त्याच ओतत होत्या.

"मंग कोनाले सांगितलं काऊन नाही?" मीही चिडले की माहेरच्या बोलीवर येते.

"कसं सांगू जी? जवान पोट्टी ओकते म्हटलं तं गाव काय समजंन? बाया आधी महिने मोजतेत. तिचं लगन होईन का मंग?" त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "आन् ते जेवाले बसले का मी चुलीकडे तोंड करून बसतो. मले पाहवत नाही."

रागावणार तरी कोणावर? मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

राहता राहिले यादोरावजी. मी ठरवलं, एकदा खरं काय ते तोंडावर सांगून बघायचं. पल्लवीला आधी विचारलं. तिनं खांदे उडवले. "सांगा. मानतीन नाही."

मी दार लावून घेतलं आणि जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं, की दात पाण्याने नाही, उलट्यांनी गेलेत. उलट्या भीतीने होतात. भीती जेवणाच्या ताटाची आहे. तिला उपचार हवेत आणि ताटावरचा तुमचा पहारा उठायला हवा. यादोरावजींनी पूर्ण ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "माह्या घरात अन्न ओकनारं कोनी नाही. लहानपनी हात लावला असंन, कोन नाही लावत? माह्या बापानं मलेबी तसंच वाढवलं. काय झालं मले?"

मला म्हणायचं होतं, हेच झालं. पण ते उठले होते. दारात थांबून म्हणाले, "तुमी पान्याचं लिहून देनार का नाही तेवढं सांगा."

बरं, दुसरीकडे तक्रार करावी तर पोरगी अठराची झालेली, ती एक शब्द बोलायला तयार नाही, आई त्याहून नाही. यादोरावजी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले तर सर्टिफिकेट मिळणार आणि पोरगी पुन्हा माझ्या खुर्चीवर येणार नाही. मी एक मिनिट डोळे मिटले आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. धंद्याच्या नावावर साफ खोटं बोलले.

"लिहून देत नाही. पण तुमचं खरं असू शकतं. हिला ते पाणी मानवत नसेल. गावात मशीन बसायची तेव्हा बसेल, तोवर हिला त्या पाण्यावर ठेवू नका. दात हातचे जातील. दुसरीकडे कुठे ठेवता येईल?"

सत्यशीलाबाईंची बहीण दवनीवाड्याला दिली आहे हे मला आधीच माहीत होतं. यादोरावजी विचारात पडले. पोरीच्या भीतीसाठी त्यांनी उंबरठा ओलांडू दिला नसता. पाण्यासाठी दिला. आठवड्याच्या आत पल्लवी मावशीकडे गेली आणि गोंदियाच्या कॉलेजात तिचं नाव घातलं. सत्य सांगून जे झालं नाही ते थापेने झालं, यावर मी कितीतरी दिवस चरफडत होते.

मावशी म्हणजे खणखणीत बाई. फोनवर मी तिला सूचना दिल्या. ताट तिचं तिला वाढून घेऊ द्या. किती खाल्लं विचारू नका. जेवताना तिच्याकडे बघत बसू नका.

"मंग काय करू? भिंतीकडे पाहू?"

"तुम्ही तुमचं जेवा."

"बाप्पा, एवढं सोपं औषध हाये, तं त्या बुवाले कायले नाही जमलं?"

औषध एवढं सोपं नव्हतंच. दर पंधरवड्याला ती सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाईंकडे जायची, घरी मात्र "दातांची ट्रीटमेंट" सांगितलेलं. महिनाभर बरं, मग पुन्हा उलट्या. परीक्षा आली की उलट्या. बाबांचा फोन आला की उलट्या. मावशी एकदा वैतागून मला म्हणाली, "चांगली लाखोरीची भाजी केली, पोपटाच्या शेंगा केल्या, गेलं सारं मोरीत!" मी म्हटलं, रागवा, पण माझ्यावर रागवा. तिनं तेही मनापासून केलं. तरी हळूहळू दोन उलट्यांमधलं अंतर वाढत गेलं. वर्ष उलटून गेल्यावर मी आरसा घातला तेव्हा झीज जिथे होती तिथेच थांबली होती. मला झालेला आनंद मी कोणाला समजावू? बाहेर एक ट्रकवाला हॉर्न मारत होता.

आणि मग यादोरावजींच्या गावात पाण्याची मशीन बसली.

माणसाने चिकाटीने पाठपुरावा करून बसवून घेतली होती, हे मान्यच केलं पाहिजे. नाणं टाकलं की शुद्ध पाणी. उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला ते स्वतः आले, पेढे घेऊन. "तुमच्यामुळं झालं जी. तुमीच म्हटलं होतं, मशीन बसेपर्यंत. आता बसली. आता पोट्टीले घरी आनतो. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या टायमाले पाहुनेबी येऊन राहिले तिले पाहाले."

पेढा माझ्या हातातच राहिला. थाप मारताना मी एवढा विचार केला नव्हता. तिला बाहेर काढायला जे कारण दिलं होतं, तेच आता तिला परत नेणार होतं. मी म्हटलं, कॉलेज चालू आहे, ट्रीटमेंट बाकी आहे. ते म्हणाले, पोट्टी घरूनच जाईन, बस आहे. मी डॉक्टर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "परत त्या ताटासमोर बसली तर आपण पहिल्या पायरीवर." मी पल्लवीला फोन केला. म्हटलं, मी समारंभातच उभी राहून खरं सांगते, माझं काय जायचंय?  ती म्हणाली, "तुमी नका सांगू. तुमी सांगितलं का ते तुमचं होईन."

समारंभाला मी गेले. तलावाच्या पाळीजवळ मांडव, मशीनला झेंडूची माळ, मला शाल आणि नारळ.  भाषणं झाली. यादोरावजी माईकवर पूर्वजांच्या तलावाबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले आणि म्हणाले, ज्या लेकीच्या दातांमुळे मी ही लढाई लढलो तीच पहिला ग्लास पिईल. आणि आजपासून ती तिच्या घरी राहील.

टाळ्या झाल्या. पल्लवी पुढे आली. निळी सलवार, वेणी, अंगाने बारीक. ग्लास भरला, शांतपणे प्यायली. यादोरावजींनी कौतुकाने माईक तिच्या तोंडाशी धरला. "सांग, कसं लागलं?"

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पह्यलेबी चांगलंच होतं, बाबा. पान्याचं काही नव्हतंच. मी दवनीवाड्यालेच राहीन."

निम्म्या लोकांना वाटलं स्तुती चालू आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. यादोरावजींचा हात माईकसकट तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. मला वाटतं त्यांना कळलं. किती कळलं ते मला अजून सांगता येणार नाही.

पण यादोरावजींकडून गावाला जेवण होतं आणि वाढायचा मान घरच्याचा. बायांच्या पंगतीत पल्लवी माझ्या शेजारी बसली. पलीकडे मावशी, तिच्या पलीकडे सत्यशीलाबाई, आज चुलीकडे तोंड नाही, पंगतीत. यादोरावजी भाताची बादली घेऊन ओळीने येत होते. आमच्याकडे आग्रह असा की नाही म्हणणाऱ्याच्या पत्रावळीवर दुप्पट पडतं, माझ्या पत्रावळीवर तर डोंगर झाला. ते पल्लवीसमोर आले. भातवाढी भरली.

तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला. "बस, बाबा. माहं झालं."

पत्रावळीवर भात शिल्लक होता. त्यांना तो दिसत होता. भातवाढीतून शितं खाली पडत होती. मग त्यांनी भातवाढी बादलीत ठेवली आणि पुढच्या पत्रावळीकडे गेले.

पल्लवी उठली. हात धुवायला मांडवाबाहेर, जिकडे त्यांच्या घराचं मागचं अंगण लागतं, तिकडे गेली. मी घास हातात धरून बघत राहिले. तिनं हात धुतला, चूळ भरली. तशीच उभी राहिली, अंगणाकडे तोंड करून. मी मान लांब करून बघायला लागले, माझा घास खाली पडला तरी मला भान नव्हतं.

ती वळली आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली.

"म्याडम," ती हळूच म्हणाली, "तुमी जेवा ना. माह्याकडे नका पाहू."